यादीत नसलेल्या मुलांच्या वतीने



समाजाच्या मेळाव्यात अध्यक्षाने शेवटी उठावं, सगळ्यांचं कौतुक करावं आणि जेवणाची वेळ झाली म्हणून थोडक्यात आवरावं, अशी रीत आहे. आज मी ती मोडणार आहे. मला भांडायचं आहे, आणि ते तुमच्याशीच.

मघाशी समाजातल्या मुलांचा गुणगौरव झाला. दहावीत 85 टक्क्यांच्या वरची मुलं, बारावीची, पदवीधर, पदव्युत्तर, परदेशी गेलेली. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. पण आयटीआय झालेल्या एकाही मुलाचं नाव पुकारलं गेलं नाही. मी मंडळाच्या कार्यवाहांना कारण विचारलं. ते म्हणाले, "सर, तसा अर्जच कुणाचा आला नाही." अर्जाचा छापील नमुना मी मागून घेतला. त्यात आयटीआयला रकानाच नाही! मग अर्ज येणार कुठून? आपल्या समाजात अशी मुलं नाहीत असं कुणी म्हणू नये. मी फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. तुमचीच मुलं माझ्या वर्गात होती.

त्या वर्गात काय चालतं, ते आधी ऐका. पोराच्या हातात पहिल्यांदा कानस येते. लोखंडाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासायचा. मग गुण्या लावून तो उजेडासमोर धरायचा. पात्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, की पुन्हा व्हाइसमध्ये. नवख्याची कानस डुलते, कडा खाली जातात आणि मधे फुगवटा राहतो. कानस पुढे जाताना डाव्या हातावरचा भार हळूहळू उजव्या हातावर न्यावा लागतो. ते साधलं की फुगवटा जातो. तळहाताला फोड येतात, पोरं घायकुतीला येतात. नंतर तीच पोरं व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटरचा फरक वाचतात आणि लेथवर टेपर घ्यायला कोनाचं गणित मांडतात. या मुलांना तुम्ही "डोकं चाललं नाही म्हणून तिकडे घातलं" म्हणता. हे म्हणायचा तुम्हाला काहीही अधिकार नाही.

कॉलेजला न जाणाऱ्या मुलापुढे काय आहे, असं विचारणारे पालक मला रोज भेटतात. आठवी झालेल्याला वेल्डर, वायरमन होता येतं. दहावीनंतर फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन-दोन वर्षांचे ट्रेड आहेत. त्यानंतर 1961 च्या कायद्याखाली कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, विद्यावेतनासह. माझगाव डॉकसारखी गोदी असे उमेदवार घेते. रेल्वेचा असिस्टंट लोको पायलट दहावी आणि आयटीआयवर होता येतं. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं प्रमाणपत्र लागतं. तारतंत्रीचा परवाना काढून स्वतःचं काम धरता येतं. आणि पुढे शिकावंसं वाटलं, तर दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दार बंद होतं ही भीती तुम्ही उगाच मनात धरली आहे.

शाळेतच ज्यांचं जमलं नाही, त्यांचाही विचार आपल्या राज्यात झालेला आहे. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती शिकतात, गावाची खरी कामं करत करत शिकतात. आपल्यापैकी किती जण तिथे जाऊन आलेत?

किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली. 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर ती उभी राहिली. ती उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, ते चित्रकला शिकायला मुंबईला गेले होते, हे सगळे वक्ते सांगतात. मी ते उदाहरण मुलांपुढे ठेवत नाही. लक्ष्मणराव असामान्य होते. सामान्य मुलाचं त्यांच्याकडे बघून घर चालत नाही. मला तिथे साचेकाम आणि लेथ शिकलेली साध्या शेतकरी घरांतली माणसं महत्त्वाची वाटतात. त्यांच्या हातातल्या कसबावर पिढ्या उभ्या राहिल्या.

आणि आपण काय करतो? ओढ नसलेल्या मुलाचं नाव बी.ए.ला घालतो. मग पुण्यात खोली, अभ्यासिका, राज्यसेवेची तयारी. खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गाला 43 वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, म्हणून तोवर "तयारी करतोय" हे उत्तर चालतं. ज्यांना खरोखर प्रशासनात जायचंय त्यांना माझा सलाम. पण वेल्डर म्हणवून घ्यायची लाज वाटते म्हणून तिथे बसलेल्या मुलांची उमर कोण परत देणार? ती लाज त्यांना आपण शिकवली. स्थळ बघायला गेल्यावर "मुलगा टर्नर आहे" ऐकून बोलणी थांबवणारे या सभागृहात बसले आहेत. आयटीआयमध्ये मुलींना 30 टक्के जागा राखीव असताना इलेक्ट्रिशियनचा अर्ज फाडून लेकीला शिवणकलेला घालणारे बापही इथेच आहेत. इकडे 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने कुशल माणसं पाठवण्यासाठी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. त्यांना आपल्या कारागिराची किंमत कळली.

सगळं छान आहे असं मी सांगत नाही. आयटीआयमध्ये निदेशकांची पदं रिकामी राहतात, यंत्रं जुनाट असतात. सरकारला याचा जाब विचारलाच पाहिजे. पण पहिल्या दोन रांगांतल्या कारखानदारांनो, तुम्हालाही विचारतो. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्यातले किती जण घेतात? आणि घेतलेल्या पोराला मशीनवर उभं करता, की वर्षभर खोकी उचलायला लावता? अशी पोरं माझ्याकडे येऊन रडली आहेत. शिकाऊ उमेदवाराला हमाल करणं ही फसवणूक आहे. समाजाचा मेळावा आहे म्हणून मी ती झाकणार नाही.

तेव्हा कार्यवाह, पुढच्या वर्षीच्या अर्जात आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारीचा रकाना छापा, आणि ती नावं याच व्यासपीठावरून, पदवीधरांच्या बरोबरीने पुकारा. पालकांनो, दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे ऑनलाइन अर्ज सुरू होतील. मुलाला किंवा मुलीला ओढ असेल तर तो अर्ज पहिल्या पसंतीने भरा, ट्रेड त्यांना निवडू द्या. आणि कारखानदारांनो, कार्यवाहांच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. या वर्षी किती शिकाऊ उमेदवार घेणार आणि कोणत्या यंत्रावर शिकवणार, ते तिच्यात आपल्या सहीने लिहा, आणि मगच जेवायला बसा.