स्वागताध्यक्षीय भाषण : भूगोल शिक्षक संमेलन, ओझर

सन्माननीय संमेलनाध्यक्ष, उद्घाटक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

बाणगंगेकाठच्या ओझर नगरीत स्वागत समितीच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत! लोकजीवन, अर्थव्यवस्था, संस्कृती अशा मथळ्यांखाली आपण मुलांना देश शिकवता. त्याच क्रमाने आमच्या गावाची ओळख करून देतो.

आधी लोकजीवन. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना इथे आला आणि निफाड तालुक्यातलं हे गाव ‘ओझर मिग’ झालं. नोकरीच्या निमित्ताने प्रांतोप्रांतीची माणसं टाऊनशिपमध्ये आली, इथलीच झाली. मिगनंतर सुखोई झालं. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथे बांधलेल्या तेजस मार्क-१एने आकाशात झेप घेतली.

आता अर्थव्यवस्था. विमानांचा आवाज डोक्यावर, तर पायाखाली द्राक्षबागा. दिवाळीच्या आगेमागे गोडी छाटणी होते. पुढे विरळणीला बायका कात्री घेऊन एकेका घडातले जादा मणी काढतात. निर्यातीच्या मालाचा दर्जा त्या हातांवर ठरतो.

पण बागेला पाणी हवं, आणि आम्ही वाघाड कालव्याच्या शेपटाला. वरची रानं भिजायची, खाली चारी कोरडी राहायची. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र आणलं. १९९० नंतर पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या : पाणी मोजून घ्यायचं, पट्टी वेळेवर भरायची, वाटप आपसांत ठरवायचं. पुढे २४ संस्थांनी अख्ख्या वाघाड प्रकल्पाच्या सिंचनाचा कारभार हाती घेतला. शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्याने २००५ मध्ये केला. इथे त्याआधीच हे घडत होतं.

राहिली संस्कृती. चंपाषष्ठीला खंडेरायाची यात्रा भरते, भंडारा उधळतो, बारागाड्या ओढल्या जातात. तो आमचा अभिमान आहेच. पण वरच्या आणि खालच्या चारीवाल्यांनी एका सतरंजीवर बसून पाण्याची पाळी ठरवावी, हीही आम्ही संस्कृतीच मानतो.

म्हणून आग्रहाची विनंती : चर्चासत्रांतून वेळ काढून एखाद्या चारीवर जरूर या. पाणी कसं मोजतात ते पाहा, पाटकऱ्याशी बोला. आपले तिन्ही मथळे तिथे एकाच धड्यात सापडतील.

आपल्या सरबराईत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या. संमेलनाला शुभेच्छा देतो आणि थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!