मोडक्या पाइपांची साक्ष

लंडनमधून वाहणाऱ्या थेम्स नदीला ओहोटी लागली म्हणजे तिच्या काठच्या चिखलात खडूच्या कांड्यांसारखे पांढरे तुकडे उघडे पडतात. तंबाखू ओढण्याच्या मातीच्या पाइपांचे हे अवशेष होत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे तीनशे वर्षे इंग्लंड, हॉलंड आणि त्यांच्या वसाहती येथील लोक असले पाइप ओढीत, मोडीत आणि फेकून देत. नाणी गाठीला बांधली जातात, चांदीची भांडी वारसांकडे जातात. मातीचा पाइप मात्र सहसा कोणी जपून ठेवला नाही. परंतु जी वस्तू जपली जात नाही, ती घडल्यानंतर लवकरच मातीस मिळते. म्हणूनच एखाद्या घराचा वा वस्तीचा काळ ठरविताना पुरातत्त्ववेत्त्यांना हा फेकलेला तुकडा जपलेल्या नाण्याहून अधिक उपयोगी पडतो.

या पाइपाची घडण साधी होती. पांढऱ्या मातीची लांब वळी करावयाची, तिच्या एका टोकाशी गोळा ठेवावयाचा, वळीतून तार घालून भोक पाडावयाचे, मग दोन भागांच्या साच्यात ती दाबून गोळ्याची वाटी बनवावयाची आणि वाळल्यावर भट्टीत भाजावयाची. आपल्याकडील चिलीमही मातीचीच असते. पण या पाइपाची नळी लांब व बोरूसारखी बारीक असल्यामुळे तो हातातून निसटताच त्याचे तुकडे होत.

आरंभी तंबाखू इतकी महाग होती की पाइपाची वाटी अगदी इवलीशी असे. पुढे शेत नांगरताना असे पाइप वर आले, तेव्हा इंग्लंड-आयर्लंडमधील खेडूत त्यांना पऱ्यांचे पाइप म्हणू लागले. पहिल्या जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूच्या निषेधार्थ एक पुस्तिका लिहिली. आणि १६१९ साली त्याच राजाने पाइप घडविणाऱ्यांच्या संघाला सनद दिली. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, पकडून आणलेली विसांहून थोडी अधिक आफ्रिकी माणसे अन्नसामग्रीच्या मोबदल्यात विकली गेली. पुढे व्हर्जिनिया व मेरीलँड येथील मळ्यांतून, प्रथम करारबद्ध इंग्रज मजुरांच्या आणि नंतर अधिकाधिक गुलामांच्या श्रमाने, तंबाखूचे अमाप पीक निघू लागले. तंबाखू स्वस्त झाली आणि पाइपाची वाटी मोठी होत गेली. वाट्या काळाच्या क्रमाने ओळीत मांडल्या म्हणजे ही वाढ डोळ्यांनीच दिसते.

पण उत्खननात अखंड वाट्या थोड्या आणि नळ्यांचे तुकडे उदंड. या तुकड्यांनाही बोलके करण्याची युक्ती जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकी पुरातत्त्ववेत्त्याने १९५४ साली प्रसिद्ध केली. ज्यांचा काळ ठाऊक आहे अशा ३३० पाइपांच्या नळ्यांची भोके त्याने ड्रिलच्या पात्यांनी मोजली. तेव्हा असे दिसले की १६२० ते १६५० या काळात बहुतेक भोके इंचाच्या ८/६४ एवढी होती, आणि ती उतरत उतरत १७५० ते १८०० पर्यंत ४/६४ वर आली. नळ्या लांब होत गेल्यामुळे तारही बारीक होत गेली असावी, असे याचे कारण सामान्यतः दिले जाते. १९६२ साली लुईस बिनफर्डने त्यावरून एक सूत्रच बसविले. भोकांची सरासरी रुंदी चौसष्टांशांत घ्यावी, तिला ३८.२६ ने गुणावे आणि गुणाकार १९३१.८५ मधून वजा करावा. सरासरी ५ आली तर उत्तर १७४० च्या सुमारास येते.

या सूत्राला मर्यादा आहेत. १७८० नंतरच्या पाइपांना ते लागू पडत नाही, आणि मूठभर तुकड्यांवरून काढलेले उत्तर फसवे ठरते. सूत्राला समुदाय लागतो. एकट्या तुकड्याला तेथे आवाज नाही. कित्येक पाइपांच्या बुडाशी कारागिराची आद्याक्षरे उठविलेली असतात. जुन्या दप्तरांशी ती ताडून पाहता कारागिराचे नाव, क्वचित त्याच्यामागे धंदा चालविणाऱ्या विधवेचेही नाव हाती लागते. पण ज्यांच्या कष्टाने ही तंबाखू पिकली, त्या गुलामांपैकी बहुतेकांच्या वाट्याला दप्तरात एखादे धन्याने ठेवलेले नाव आणि किंमत, एवढेच आले. त्यांच्यासाठी पाइपासारख्या वस्तूही साक्षीदार ठरतात.

बार्बेडोस बेटावरील न्यूटन या उसाच्या मळ्यात गुलामांची दफनभूमी आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन झाले, तेव्हा एका पुरुषाच्या सांगाड्यासोबत आफ्रिकी घडणीचा मातीचा पाइप सापडला. सतराव्या शतकाच्या अखेरीस किंवा अठराव्याच्या आरंभी हा मनुष्य वारला असावा. त्याच्या गळ्यातील माळेत कवड्या होत्या, कुत्र्याचे दात होते आणि अकीकाचा एक मोठा मणीही होता. तो मणी बहुधा आपल्या खंबायतचा. हा मनुष्य आपल्या लोकांत वैद्य वा दैवज्ञ म्हणून मानला जात असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मळ्याच्या हिशेबात तो एक मजूर होता. पुरणाऱ्यांच्या दृष्टीने तो मानाचा पुरुष होता.

याहून विलक्षण गोष्ट मेरीलँडमधील बेलव्हॉयर येथील. तेथील जुन्या मळ्याच्या गुलामवस्तीत सापडलेल्या नळीच्या एका तुकड्यातून शास्त्रज्ञांनी डीएनए मिळविला आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाजलेली माती सच्छिद्र असते; ओढणाऱ्याची लाळ तिच्यात मुरली होती आणि सुमारे दोनशे वर्षे तिचा अंश टिकून राहिला. तो पाइप ओढणारी व्यक्ती स्त्री होती, आणि तिचा वंश आजच्या सिएरा लिओनमधील मेंडे लोकांशी जवळचा होता. ती स्वतः समुद्रापलीकडून आली की तिची आई वा आजी, हे त्यावरून ठरत नाही. तिचे नावही कळत नाही. मात्र गुलामगिरीत दूर नेलेल्या पूर्वजांचे मूळ शोधणाऱ्या तेथील वंशजांना एका प्रदेशाकडे बोट दाखविता आले, हे काही थोडे नव्हे.

ज्या तुकड्याला सूत्रात आवाज नव्हता, त्यानेच एका स्त्रीची साक्ष दिली. दिवसभराचे काम संपल्यावर चार झुरके घेण्यास बसलेल्या त्या बाईने तो मोडका पाइप फेकून दिला असेल, तेव्हा त्याची किंमत शून्य होती. आज तिच्याविषयी जे ठाऊक आहे, ते सारे त्या पाइपामुळेच.