अविश्वासी माणसासाठी प्रार्थना

घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चालते आणि घरातलाच एक माणूस देवाचे नावही घेत नाही, अशी ख्रिस्ती घरे पुष्कळ आहेत. त्या माणसासाठी प्रार्थना करायची ती कशी? सोळाशे वर्षांपूर्वी एका आईपुढे हाच प्रश्न होता. तिची हकीकत सांगतो.

बाईचे नाव मोनिका. राहणार थागास्ते गावची. उत्तर आफ्रिकेत, आज ज्याला अल्जीरिया म्हणतात तिथे. मुलगा ऑगस्टीन, जन्म इ. स. ३५४. मोठा हुशार. शिकायला कार्थेजला गेला आणि तिथे मानी नावाच्या पंथात शिरला. परत आला तेव्हा मोनिका त्याला घरात घेईना, पंगतीला बसू देईना. पुढे तिला स्वप्न पडले, की तो आपल्याच शेजारी उभा आहे. तेव्हा तिने त्याला पुन्हा जेवायला बसवले. मुलाचे मत तसूभरही बदलले नव्हते, हे लक्षात घ्या.

मग ती एका बिशपकडे गेली. म्हणाली, माझ्या मुलाला चार शब्द सांगा. बिशपने साफ नकार दिला. तो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढला होता आणि त्यांचे ग्रंथ वाचता वाचता आपण होऊनच बाहेर पडला होता. त्याने सांगितले, तूर्त त्याच्याशी वाद नको, त्याच्यासाठी फक्त प्रार्थना कर. बाई काही उठेना, रडतच राहिली. तेव्हा तो जरा वैतागलाच. पण तुझी आसवे वाया जायची नाहीत, असा धीर देऊन त्याने तिला वाटेला लावले. शिक्षक मंडळींना या बिशपचे म्हणणे चटकन पटेल. काही मुले उपदेशाने अधिकच अडून बसतात!

पुढे ३८३ साली ऑगस्टीन रोमला निघाला. आई सोडीना. मित्राला निरोप द्यायचा आहे, अशी थाप मारून त्याने तिला किनाऱ्याजवळच्या एका प्रार्थनास्थळी ठेवले. मुलाने जाऊ नये म्हणून ती रात्रभर तिथे प्रार्थना करीत बसली. सकाळी पाहते तो गलबत गेलेले. मागितले ते मिळाले नाही. पण इटलीला गेला म्हणूनच मिलानमध्ये अँब्रोझ बिशपची प्रवचने त्याच्या कानांवर पडली, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला. मोनिकाही त्याच्यामागून तिथे पोचली होती. त्याच वर्षी ती वारली.

माणूस देवाच्या हाती द्यावा आणि वाटही देवालाच ठरवू द्यावी, असे या आईला रडत रडत शिकावे लागले.

दुसरी गोष्ट शब्दांची. प्रार्थनेतही तुच्छता शिरते बरे का! रोमन कॅथॉलिक मंडळीच्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुदी लोकांना बेइमान ठरवणारा एक जुना लॅटिन शब्द होता. १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी तो काढायला लावला. आज त्या दिवशी ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी आणि देवालाच न मानणाऱ्यांसाठी वेगवेगळ्या प्रार्थना होतात. दुसऱ्यासाठी हात जोडायचे आणि त्याच तोंडाने त्याला नाव ठेवायचे, हे जमायचे कसे?

घरातही तेच. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत 'प्रभो, याला सद्बुद्धी दे' असे त्याच्या देखत म्हटले, तर ती प्रार्थना देवाला कमी आणि त्याला टोमणा जास्त. ते मागणे दार लावून एकांतात करावे. चारचौघांत त्याच्या परीक्षेसाठी, त्याच्या दुखण्यासाठी, त्याच्या शेतावरच्या पावसासाठी मागावे, तेही मनापासून.

आपल्याकडचे उदाहरण रेव्हरंड टिळकांचे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तेव्हा घेतला नाही. मध्ये ताटातूट झाली, मग दोघे पुन्हा एकत्र राहू लागली. धर्म मात्र दोघांचे दोन. लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या मनाला पटले तेव्हा. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त स्वतःच सांगितले आहे. शाळेच्या कपाटात पुस्तक असेल, तर गुरुजींनी ते अवश्य काढून वाचावे.