वेटोळ्याचा हट्ट
(नभोवाणीवरील भाषण)

ज्या रेडिओतून हें भाषण श्रोत्यांच्या कानीं पडत आहे, त्याचें मागचें झांकण काढून पाहिलें, तर आंत तांब्याच्या बारीक तारेचीं लहानमोठीं वेटोळीं ठिकठिकाणीं बसविलेलीं दिसतील. एखादें काळ्या कांडीवर गुंडाळलेलें, एखादें लोखंडी पत्र्यांच्या चौकटींत दडलेलें, तर एखादें लाउड-स्पीकरच्या कागदी पडद्याला चिकटविलेलें. तार तीच, तांबें तेंच; सरळ असतां वीज वाहून नेण्यापलीकडे ती फारसें कांहीं करीत नाहीं. परंतु तिला वेढे दिले, कीं तिच्या अंगीं एक निराळाच गुण प्रकट होतो. हा गुण कोणता, तो कामाला कसा लावतात, आणि त्याचा विसर पडला तर काय ओढवतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

इ. स. १८२० मध्यें कोपनहेगन येथील प्राध्यापक ओर्स्टेड यांना असें आढळून आलें, कीं वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्र ठेवलें असतां त्याची सुई जागची हलते. विजेच्या प्रवाहाभोंवतीं चुंबकत्व उत्पन्न होतें, ही गोष्ट यामुळें सिद्ध झाली. एकट्या तारेचें चुंबकत्व अगदींच क्षीण असतें. पण तीच तार वेढ्याला वेढा देऊन गुंडाळली, म्हणजे प्रत्येक वेढ्याचें बळ शेजारच्या वेढ्याच्या बळांत मिळतें, आणि आंत लोखंड घातलें तर तें कैक पटींनीं वाढतें. १८२५ सालीं इंग्लंडांत विल्यम स्टर्जन यानें नालाच्या आकाराच्या सात औंस लोखंडावर तार गुंडाळून नऊ पौंड वजन उचलून दाखविलें. पुढें अमेरिकेंत जोसेफ हेन्री यानें तारेवर रेशमाचें वेष्टण चढवून तिचे पुष्कळ वेढे एकमेकांस भिडवून दिले. १८३१ सालीं येल येथील महाविद्यालयासाठीं त्यानें तयार केलेल्या चुंबकानें दोन हजार पौंडांहून अधिक भार तोलून धरला. प्रवाह आहे तोंवर चुंबक. प्रवाह थांबला कीं पुन्हां साधें लोखंड. दारावरची विजेची घंटा, जुनें तारायंत्र आणि आजचा रिले यांची सारी करामत एवढ्याच गोष्टीवर उभी आहे.

विजेपासून चुंबकत्व मिळतें, तर चुंबकत्वापासून वीज कां मिळूं नये? हा प्रश्न लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील मायकेल फॅरेडे याच्या मनांत वर्षानुवर्षें घोळत होता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्याला उत्तर मिळालें. लोखंडाच्या एका कड्याच्या दोन बाजूंना त्यानें दोन वेगळीं वेटोळीं गुंडाळलीं होतीं. एकाला बॅटरी जोडावयाची आणि दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसुई ठेवावयाची, अशी ती योजना होती. बॅटरी जोडतांच सुई हलली आणि लागलीच स्थिर झाली. प्रवाह अखंड वाहत असतां ती जागची हलली नाहीं. बॅटरी तोडतांच ती पुन्हां हलली. मात्र या खेपेस उलट दिशेला. चुंबकत्व नुसतें असून भागत नाहीं, तें बदललें पाहिजे. बदल होत असेल तेवढाच काळ वीज उत्पन्न होते, हें या प्रयोगाचें मर्म.

त्याच सुमारास हेन्रीच्या ध्यानांत आणखी एक गोष्ट आली, व १८३२ सालीं त्यानें ती प्रसिद्ध केली. आंखूड तारेनें जोडलेली बॅटरी तोडली, तर ठिणगी जवळजवळ दिसत नाहीं. लांब तारेनें जोडलेली तोडली, तर ठिणगी स्पष्ट दिसते. आणि तीच लांब तार वेटोळें करून जोडली, तर ठिणगी अधिकच तेजस्वी होते. बॅटरी तीच, तार तीच. मग हें बळ आलें कोठून? तें आलें वेटोळ्याभोंवतीं सांठलेल्या चुंबकत्वांतून. वेटोळ्यांतील प्रवाह बदलूं लागला, कीं त्याचेंच चुंबकत्व बदलतें, आणि त्या बदलामुळें वेटोळ्यांत एक विरोधी दाब उत्पन्न होतो. प्रवाह वाढूं पाहील तर वेटोळें त्याला मागें ओढतें. घटूं पाहील तर पुढें ढकलतें. जड जात्याची उपमा येथें चपखल बसते. जातें प्रथम फिरविण्यास जोर लागतो, पण वेग घेतल्यावर खुंटा सोडला तरी तें लगेच थांबत नाहीं. वेटोळ्याचा हट्टही असाच: आहे तें चालूं द्या, बदल एकाएकीं करूं नका. शास्त्रांत या गुणाला स्वयंप्रवर्तन म्हणतात, आणि त्याचें माप हेन्रीच्याच नांवानें मोजलें जातें.

हा हट्ट ओळखून त्याच्याकडून कामें करवून घेणें, हेंच इलेक्ट्रॉनिक मंडलांतील वेटोळ्याचें शास्त्र. पहिलें काम गाळणीचें. एकसारखा प्रवाह वेटोळ्यांतून विनासायास जातो. उलटसुलट होणाऱ्या प्रवाहाला मात्र अडथळा होतो, आणि प्रवाह जितका जलद पालटेल तितका तो अडथळा वाढतो. एक हेन्री मापाचें वेटोळें सेकंदाला ५० आवर्तनांच्या घरगुती विजेला ३१४ ओहम विरोध करतें, तर ५००० आवर्तनांच्या प्रवाहाला ३१,४०० ओहम. म्हणूनच सरळ केलेल्या विजेंत उरलेली थरथर काढून टाकण्यासाठीं ‘चोक’ नांवाचें वेटोळें घालतात. तें नसेल तर रेडिओत गुणगुण ऐकूं येण्याचा संभव असतो.

दुसरें काम निवडीचें. कंडेन्सरचा स्वभाव वेटोळ्याच्या नेमका उलट. तो विजेचा सांठा करतो, वेटोळें चुंबकत्वाचा करतें. दोहोंची जोडी जमविली, म्हणजे झोपाळ्यासारखी शक्ति इकडून तिकडे हेलकावे घेऊं लागते, आणि प्रत्येक जोडीच्या हेलकाव्यांची गति ठरलेली असते. २०० मायक्रोहेन्रीच्या वेटोळ्याला ४०० पिकोफॅरडचा कंडेन्सर जोडला, तर ही गति सुमारें ५६३ किलोहर्ट्झ होते. कंडेन्सर चौथाईवर आणला, तर ती दुप्पट, म्हणजे सुमारें ११२५ किलोहर्ट्झ होते. जुन्या रेडिओचें बटण फिरवून केंद्र बदलतांना श्रोता हेंच करीत असतो. आकाशांतून येणाऱ्या शेंकडों लहरींपैकीं जिची गति झोपाळ्याच्या गतीशीं जुळते, तिलाच तो झोपाळा साथ देतो.

तिसरें काम दाब बदलण्याचें. फॅरेडेच्या कड्यावरील दोन वेटोळ्यांत वेढ्यांची संख्या कमीअधिक केली, कीं ट्रान्सफॉर्मर तयार होतो. ५० आवर्तनांच्या विजेसाठीं त्याला जड लोखंडी गाभा लागतो. मोबाइलच्या चार्जरमध्यें वीज प्रथम सरळ करून मग ती सेकंदाला हजारों वेळां तोडतात व जोडतात. बदल इतका जलद झाल्यावर बोराएवढा फेराइटचा गाभाही पुरतो. खिशांत मावणाऱ्या चार्जरचें रहस्य हेंच.

परंतु हा हट्ट विसरणाराला वेटोळें क्षमा करीत नाहीं. बारा व्होल्टांवर चालणारा रिले ट्रान्झिस्टरनें एकाएकीं बंद केला, तर वेटोळें आपला प्रवाह चालूं ठेवण्यासाठीं क्षणभर शेंकडों व्होल्टांचा दाब उत्पन्न करूं शकतें, आणि बिचारा ट्रान्झिस्टर प्राणास मुकतो. यावर उपाय सोपा आहे. वेटोळ्याला समांतर एक डायोड उलट्या दिशेनें जोडावयाचा. म्हणजे अडलेल्या प्रवाहाला फिरण्यास वाट मिळते व तो हळूहळू विरून जातो. गंमत अशी, कीं जो झटका येथें घातक, तोच पेट्रोलच्या मोटारींत उपकारक ठरतो. तेथें इग्निशन कॉइलमधला प्रवाह मुद्दाम तोडतात, आणि बारा व्होल्टांच्या बॅटरीपासून हजारों व्होल्टांची ठिणगी मिळवून पेट्रोल पेटवितात.

वेटोळ्याचें अखेरचें काम प्रत्यक्ष प्राणरक्षणाचें आहे. न्हाणीघरांतील गिझरच्या तारेचें आवरण झिजलें व वीज त्याच्या धातूच्या अंगांत उतरली, तर ओल्या हातानें स्पर्श करणाऱ्याच्या देहांतून ती जमिनींत जाते. अनेकांची समजूत अशी, कीं अशा वेळीं फ्यूज उडेल. तो उडत नाहीं. गिझरचा फ्यूज किंवा एम.सी.बी. बहुधा १६ अँपिअरचा असतो. देहांतून मात्र याचा शेंकडावा हिस्साही काहीं क्षण गेला, तरी हृदयाचा ठोका बिघडून मृत्यु येऊं शकतो. फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे.

हें काम आर.सी.सी.बी. नांवाचें उपकरण करतें. त्याच्या पोटांत एक चुंबकीय कडें असतें. विजेची जाणारी तार आणि परतणारी तार दोन्ही त्याच कड्यांतून नेलेल्या असतात. जितका प्रवाह गेला तितकाच परतला, तर दोहोंचें चुंबकत्व एकमेकांस मारून टाकतें व कडें निद्रिस्त राहतें. पण त्यांतला थोडा प्रवाह देहावाटे जमिनींत गेला, कीं जमाखर्चाचा मेळ बसत नाहीं. कड्यांत उलटसुलट चुंबकत्व जागें होतें, तेथें गुंडाळलेल्या तिसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, ती एका चुंबकी खटक्याला सोडते, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच दोन्ही तारा तुटतात. घरगुती उपकरणांत ही मर्यादा सामान्यतः ३० मिलिअँपिअर असते; म्हणजे १६ अँपिअरच्या पांचशेव्या हिश्श्याहूनही कमी. मात्र एका हातानें एक व दुसऱ्या हातानें दुसरी तार धरली, आणि जमिनीशीं संबंध नसला, तर जमाखर्च बरोबरच दिसतो व कडें फसतें. तसेंच, त्यामुळें अर्थिंगची गरज नाहींशी होत नाहीं.

या उपकरणावर परीक्षेचें एक लहान बटण असतें. तें अधूनमधून दाबून पाहावें. वीज तत्काळ गेली पाहिजे. न गेल्यास उपकरण बदलून घ्यावें, आणि घरांत तें मुळींच नसेल तर जाणत्या तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावें. १८३१ सालच्या त्या लोखंडी कड्याचाच हा एक वंशज आहे. दोन वर्षें तो कांहींच करीत नाहीं असें वाटेल. परंतु ज्या दिवशीं जमाखर्चांत तीस मिलिअँपिअरची तूट येईल, त्या दिवशीं तीस सहन न करणें, एवढाच त्याचा धर्म आहे.