सुरक्षितता म्हणजे घरी बसणं नव्हे : हनोईत दुचाकी चालवताना

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



‘व्हिएतनाममध्ये तू गाडी चालवलीस, त्याबद्दल बोल,’ असं संयोजक मैत्रिणींनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं की शिबिरात या विषयाचं काय काम? सकाळपासून आपण घरातल्या हिंसेवर बोललो, रेशनवर बोललो, सात-बारावर नाव लावण्यावर बोललो. त्यात हे गाडीचं कुठे बसणार? पण आपल्यापैकी जी कुणी गावोगाव फिरते तिला विचारा. संध्याकाळच्या बैठकीला जायचं की नाही, हे बैठकीच्या विषयावर ठरत नाही. शेवटची एस. टी. किती वाजता आहे आणि सोडायला कोण येणार आहे, यावर ठरतं. म्हणून बोलते.

२०२३ साली मी आठ महिने हनोईत होते. खेड्यांतून शहरात येऊन फळं विकणाऱ्या, बाजारात ओझी वाहणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या एका गटाबरोबर होते. तिथला लाँग बिएन हा फळांचा घाऊक बाजार मध्यरात्रीनंतर जागा होतो आणि उजाडेपर्यंत उरकतो. ज्या बायकांशी बोलायचं त्या पहाटे तीनला भेटणार. त्या वेळी बस नाही. म्हणजे दुचाकी आलीच.

हनोईचा रस्ता पहिल्यांदा पाहिला की पोटात गोळा येतो. सुमारे दहा कोटी लोकसंख्येच्या त्या देशात सात कोटींहून अधिक दुचाकी नोंदलेल्या आहेत. चौकात सिग्नल सुटला की धरणाचं दार उघडल्यासारखं होतं. गाडीवर आई, बाप, दोन पोरं. गाडीवर डुकराचं पिल्लू, कपाट, संत्र्याचं झाड. आणि चालवणाऱ्यांत बायका इतक्या की कुणी त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. पन्नाशीची भाजीवाली, ऑफिसला निघालेली मुलगी, नातवाला शाळेत सोडणारी आजी. मला त्या गर्दीची भीती वाटली हे खरं, पण हेवाही वाटला.

भीतीचं काय करायचं ते आधी सांगते. तिथे गाड्या आपल्या उलट, म्हणजे उजव्या बाजूने चालतात. ही गोष्ट डोक्याला लगेच कळते, पण मानेला कळायला आठवडे लागतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते, आणि तिथे गाडी येते डावीकडून. आपल्याला डावीकडे वळणं सोपं आणि उजवीकडे वळणं अवघड, तिथे नेमकं उलट. म्हणून पहिले काही आठवडे मी चालवलीच नाही. पायी फिरले आणि भाड्याच्या दुचाकीवर मागे बसले. आपल्या गोव्यात जसे ‘पायलट’ असतात तसे तिथे आहेत. त्याला ‘से ओम’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मिठी मारायची गाडी! मागे बसून मी फक्त रस्ता वाचायला शिकले.

काय वाचलं? पहिलं म्हणजे, प्रत्येकजण आपल्या समोरचं बघतो. मागचा आपल्याला सांभाळून घेणार, असं धरून चालतो. त्यामुळे अचानक थांबणं, अचानक वळणं, अचानक मागे सरणं हे तिथे सगळ्यात धोक्याचं. पायी रस्ता ओलांडायचा तोही एका चालीने. दुचाकीवाले तुमची चाल बघून बाजूने निघून जातात. घाबरून तुम्ही दोन पावलं मागे आलात तर त्यांचा हिशेब चुकतो. मात्र हा नियम दुचाकींसाठी. बस आणि ट्रक वाट देत नाहीत, त्यांना वाट द्यायची.

दुसरं, हॉर्न. तिथे हॉर्नचा अर्थ शिवी नव्हे. ‘मी इथे आहे’ एवढाच. समोरच्याने दिवा चमकवला तर ‘तुम्ही या’ असं समजू नका, ‘मी येतोय’ असं समजा. हे आपल्याकडेही तसंच आहे.

तिसरं, अवघड वळण एकटीने घेऊ नये. डावीकडे वळायचं असेल तर त्याच बाजूला वळणारे चार-सहाजण असतातच. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या आणि आपल्या मध्ये ते राहतील अशा बेताने त्यांच्या आडोशाने वळायचं. आपण मोर्चात नवीन मुलींना मधे घेतो ना, तसंच.

चौथं, एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघायचं. कडेने उलटा येणारा कुणीतरी असतोच. आणि ट्रकच्या बाजूला थांबायचं नाही, मग सिग्नल असो की वळण. ड्रायव्हरचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर आपण त्याला दिसत नाही.

यातलं एकही धाडसाचं काम नाही, लक्ष देण्याचं काम आहे. आणि लक्ष द्यायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. एका शेगडीवर दूध, कडेवर मूल आणि दाराशी आलेला माणूस, हे आपण रोज सांभाळतो.

आता अंगावरच्या कपड्यांबद्दल. व्हिएतनामी बायकांचा ‘आओ झाय’ हा पोशाख म्हणजे लांब, दोन्ही बाजूंनी फाकलेला झगा. त्याचा मागचा पदर चाकात जाऊ शकतो. तो अंगाखाली दाबून बसायचं किंवा पुढे घेऊन धरायचा, हे तिथल्या मुली फार सहज करतात. आपल्याकडे ओढणी आणि पदर. चाकात ओढणी जाऊन गळ्याला फास बसल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि ‘नशीब’ म्हणून सोडून देतो. गाठ मारून ओढणी कमरेला बांधायला दहा सेकंद लागतात. हनोईच्या मुली उन्हाने आणि धुराने तोंड इतकं गुंडाळतात की मला पुण्यातल्या स्कार्फवाल्या मुली आठवायच्या. पण स्कार्फ घट्ट बसलेला हवा आणि त्याची टोकं आत खोचलेली हवीत.

पर्सचा पट्टा गळ्यातून आडवा घालायचा नाही. हो ची मिन्ह शहरात दुचाकीवरून येऊन पर्स खेचणारे असतात. पट्टा तुटला नाही तर पर्सबरोबर आपणही खाली येतो. पर्स सीटखालच्या डिकीत टाकायची. पावसाळी झगा गाडीवर पसरून घालतात, त्याच्या कडा दाबून बसायचं. रस्त्यावर रंगवलेले पट्टे पावसात साबणासारखे होतात, त्यावर ब्रेक दाबायचा नाही.

कागदपत्रांचं मात्र जरा नीट ऐका. आपल्या मुली आता शिकायला, कामाला, फिरायला परदेशी जातात. तिथे दुकानदार पासपोर्ट बघून गाडी भाड्याने देतो, लायसन्स विचारतही नाही. म्हणजे चालवायची परवानगी मिळाली असं नव्हे. आपल्याकडे आर. टी. ओ. देतं ते आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे असतं. व्हिएतनाम मानतो तो १९६८ चा व्हिएन्ना करार. अपघात झाला आणि तुमचं लायसन्स तिथे चालणारं नसेल तर विमा कंपनी हात वर करते, आणि परदेशातल्या दवाखान्याचं बिल घर विकायला लावू शकतं. माझा व्हिसा लांब मुदतीचा होता, म्हणून इथल्या लायसन्सच्या आधारे मला तिथलं लायसन्स काढता आलं. ते हातात येईपर्यंत मी मागेच बसले. विम्याच्या कागदावर दुचाकीचा उल्लेख आहे का, हे निघण्यापूर्वी वाचा. तिथे पोलिसांचा नंबर ११३, रुग्णवाहिकेचा ११५. आणि २०२० च्या जानेवारीपासून तिथे दारू पिऊन गाडी चालवायला थोडीसुद्धा मुभा नाही, एका ग्लासाचीही नाही.

आता हेल्मेट. इथे मला जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण ही गोष्ट फक्त एकेका बाईच्या शहाणपणाची नाही, कायद्याची आहे. व्हिएतनाममध्ये आधीही हेल्मेटचे नियम होते, पण कुणी मानत नव्हतं. लोक हेल्मेटला भाताचा कुकर म्हणून हसत. उकडतं, केस विस्कटतात, ऐकू येत नाही ही सगळी कारणं आपल्या ओळखीचीच आहेत. १५ डिसेंबर २००७ पासून सरकारने सगळ्या रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचं केलं आणि खरोखर दंड घ्यायला सुरुवात केली. काही दिवसांत दहातली नऊ डोकी झाकली गेली. पुढच्या एका वर्षात सुमारे दीड हजार मृत्यू टळले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हेल्मेटमुळे डोक्याला मार बसण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्र विचार करून काढलेलं आहे.

पण त्या कायद्यातही फट राहिली होती, लहान मुलांची. आईबाप हेल्मेट घालून आणि मधलं पोर उघड्या डोक्याचं, असं दृश्य सर्रास दिसे. हेल्मेटने मुलांची मान दुखावते असा समज होता. सहा वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट नसेल तर मोठ्या माणसाला दंड, हा नियम यायला २०१० साल उजाडलं.

आणि आपल्याकडे? आपल्या मोटार वाहन कायद्यातही मागे बसणाऱ्याला हेल्मेट सांगितलेलं आहे. पण नाक्यावर उभं राहून बघा. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बायको उघड्या डोक्याने, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल. दंड त्याला होतो म्हणून हेल्मेट त्याला. दिल्लीत तर २०१४ पर्यंत मागे बसणाऱ्या बायकांना हेल्मेटमधून सरसकट सूटच होती. सूट म्हणे! आपल्या डोक्याला सूट देणारे कोण? पुण्यात २०१९ च्या सुरुवातीला सक्ती झाली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. त्या गोंधळात मागे बसणाऱ्या बाईबद्दल कितीजण बोलले?

आणखी एक गंमत बघा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणारीला धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असलीच पाहिजे. तिलाच आपण साडी गार्ड म्हणतो. नियम चांगला आहे. पण किती घरांत पोरं गाडी ‘स्मार्ट’ दिसावी म्हणून पहिल्याच दिवशी ती जाळी काढून टाकतात! तिच्या मागे कोण बसणार असतं? आई, बहीण, बायको.

आमच्या वस्तीत नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीची गाडी पावसात घसरली. हात मोडला. सहा आठवड्यांत हात बरा झाला, पण गाडी परत मिळाली नाही. घरच्यांनी विकून टाकली. धाकट्या बहिणीचं गाडी शिकणंही थांबलं. तिची रात्रपाळी सुटली, मग तो कोर्सच सुटायची वेळ आली. त्याच पावसाळ्यात शेजारच्या मुलाची मोटारसायकल घसरली होती. त्याला घरच्यांनी चांगल्या टायरची नवी घेऊन दिली. दोन्ही घरं मुलांवर प्रेम करणारीच आहेत. पण अपघातातून एका घराने ‘टायर बदला’ हा धडा घेतला आणि दुसऱ्याने ‘मुलगी घरात ठेवा’ हा.

माझं म्हणणं एवढंच आहे. धोका खोटा नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हा आकडा ऐकून कुणालाही काळजी वाटेल. पण काळजीचं उत्तर शिकणं, साधनं आणि कायदा हे आहे. ज्या देशात रस्ते आपल्याइतकेच बेशिस्त, तिथल्या बायका गाडी सोडून घरी बसलेल्या नाहीत. त्यांनी कुकर डोक्यावर घातला आणि निघाल्या.

लाँग बिएनला जाताना लाल नदीवर १९०२ साली पुरा झालेला जुना लोखंडी पूल लागतो. त्या पुलावर गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. पहाटे तिथे मला जरा माहेरी आल्यासारखं वाटायचं. पण बाकी शहरात उजवी बाजू मला शिकावीच लागली, आणि ती शिकता येते.

म्हणून आपल्या गटांनी चार कामं घ्यावीत असं सुचवते. एक, ज्यांना गाडी येते त्यांनी रविवारी मैदानावर बाकीच्यांना शिकवावी. ब्रेक, वळण आणि ‘थांबून मग निघणं’ हे आधी, रस्ता नंतर. दोन, प्रत्येक घरात दुसरं हेल्मेट असावं, मागे बसणारीसाठी. आय. एस. आय. शिक्का बघून, पट्टा हनुवटीखाली बांधून. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, वेणी खाली घालावी. तीन, साडी गार्ड काढलेल्या गाडीवर बसायचं नाही, तसं सरळ सांगायचं. चार, लायसन्स स्वतःचं काढायचं आणि जमेल तिथे गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची. जमिनीबद्दल आपण जे म्हणतो तेच इथेही.

आता जेवणाची सुट्टी होईल. त्याआधी एक मोजणी करू या. ज्यांच्याकडे स्वतःचं लायसन्स आहे त्यांनी हात वर करा. आणि ज्यांनी काल इथे येताना मागे बसून हेल्मेट घातलं होतं, त्यांनीही. आकडा फळ्यावर लिहून ठेवते. पुढच्या शिबिरात पुन्हा मोजू.