सुताराचा फर्मा आणि भूमितीचे पुस्तक

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून डॉक्टर, इंजिनिअर आणि स्पर्धा परीक्षा यांविषयी पुष्कळ बोलले जाते. लातूरने तर परीक्षेच्या निकालांवर स्वतःचा 'पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजविला. त्याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. आज मात्र मला करवतीविषयी बोलायचे आहे.

नांदेड-लातूर भागात आपल्या समाजातील अनेक घरे हातच्या कसबावर चालतात. मुस्लिम श्रमिकांत स्वयंरोजगाराचे प्रमाण इतर समाजांहून अधिक आहे, अशी नोंद २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. अशा घरांपुढे दरवर्षी जून महिन्यात एक प्रश्न उभा राहतो. मुलाला शाळेत ठेवायचे, की उस्तादाच्या हाताखाली द्यायचे? माझे नम्र म्हणणे असे आहे की, हा प्रश्न मांडतानाच आपली गल्लत होते. ती कशी, हे मी एका लहानशा वस्तूवरून दाखवतो. ती वस्तू म्हणजे फर्मा. कारखान्यात तिला जिग म्हणतात.

एकच काम पुनःपुन्हा, तंतोतंत सारखे व्हावे म्हणून हत्याराला किंवा लाकडाला जागेवर धरणारे साधन म्हणजे फर्मा. ही काही नवी गोष्ट नव्हे. बैलगाडीच्या चाकाचा घेर ज्या लाकडी तुकड्यांनी बनतो, ते तुकडे एका फर्म्यावर आखले की एकमेकांशी बरोबर जुळतात. लातूरजवळ २०१८ साली पायाभरणी झालेला रेल्वे डब्यांचा कारखाना घ्या. डब्याची पोलादी भिंत वेल्डिंगने जोडण्यापूर्वी ती जिगमध्येच आवळून धरावी लागते. चाकापासून डब्यापर्यंत तत्त्व एकच आहे.

आता करवतीकडे येऊ. किनवट-माहूरच्या जंगलातील सागाची जागा घराघरांतून प्लायवूडने घेतली. प्लायची मोठी शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरची असते. एवढी शीट हातातल्या इलेक्ट्रिक करवतीने सरळ कापणे कठीण. त्यासाठी ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून घसरत जाणारी करवत निघाली. तिला ट्रॅक सॉ म्हणतात. जर्मनीत १९६० च्या दशकात अशी मार्गदर्शक पट्टी प्रथम आली. आज ती आपल्याकडेही मिळते, पण लहान कारागिराला तिची किंमत जड जाते.

म्हणून पहिला फर्मा हा घरचा ट्रॅक. सुमारे एक फूट रुंदीची ६ मिलिमीटर जाडीची प्लाय खाली घ्यावी. तिच्यावर १२ मिलिमीटर जाडीची सरळ पट्टी सरस आणि स्क्रूने बसवावी. पट्टी इतकी जाड नको की करवतीची मोटर तिला अडेल. मग करवतीचा तळपत्रा त्या पट्टीला टेकवून एकदा करवत चालवावी. खालच्या प्लायचा जास्तीचा भाग कापला जाईल, आणि उरलेली कड म्हणजेच पात्याची रेषा होईल. पुढे ही कड पेन्सिलीच्या खुणेवर ठेवून फर्मा क्लॅम्पने आवळला, की करवत त्याच रेषेने जाते.

पण ती पट्टी सरळ आहे, हे कशावरून? दोन बिंदूंना टेकवून तिच्या कडेने रेषा ओढा. मग पट्टी उलटून तीच कड त्याच दोन बिंदूंना लावा आणि दुसरी रेषा ओढा. दोन्ही रेषा एकावर एक आल्या, तर पट्टी सरळ. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे आपण भूमितीच्या वर्गात शिकलो होतो.

दुसरा फर्मा काटकोनाचा. ट्रॅकच्या एका टोकाला आडवी पट्टी जोडली, की दर वेळी गुण्या लावावा लागत नाही. एका बाजूवर ६०० आणि दुसरीवर ८०० मिलिमीटरची खूण करावी. त्या दोन खुणांमधील तिरके अंतर नेमके १००० भरले पाहिजे. हा पायथागोरसचा सिद्धांत. नंतर या फर्म्याने एक फळी आडवी कापून पाहावी. एक तुकडा पालथा करून, दोघांची तीच बाजू सरळ पट्टीला टेकवून, कापलेल्या कडा एकमेकींना भिडवाव्यात. कोनात चूक असेल, तर ती दुप्पट होऊन फटीच्या रूपाने दिसते. ६०० मिलिमीटरला १ मिलिमीटरची चूक क्षुल्लक वाटते. परंतु २१०० मिलिमीटर उंचीच्या कपाटात तीच साडेतीन मिलिमीटर होते. म्हणजे एक सुताहून अधिक. दार घासते, आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

तिसरा फर्मा सारख्या रुंदीच्या फळ्यांसाठी. दोन काठ्या घ्याव्यात, आणि प्रत्येकीच्या टोकाखाली शीटच्या कडेला अडकणारा ठोकळा मारावा. काठ्यांची दुसरी टोके ट्रॅकच्या कडेला टेकवावीत, ट्रॅक आवळावा आणि काठ्या बाजूला काढून मगच करवत चालवावी. काठ्या एकत्र धरून एकाच वेळी कापल्या, तर लांबीत फरक पडत नाही. मात्र पात्याची जाडीही लाकूड खाते. पात्याचा काप २ मिलिमीटरचा असेल आणि फळी ४०० ची हवी असेल, तर ठोकळ्यापासून काठी ४०२ ची ठेवावी लागते. विद्यार्थ्यांनो, २४४० लांबीच्या शीटचे चार सारखे तुकडे करा पाहू. उत्तर ६१० नाही. तीन कापांत ६ मिलिमीटर जातात, म्हणून प्रत्येक तुकडा ६०८.५ चा निघतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. ज्या फर्म्यासाठी पात्याचे संरक्षक कव्हर काढावे लागते, तो फर्मा वापरू नये. पाते बदलताना प्लग काढावा. चष्मा आणि मास्क लावावा. लाकडाच्या भुशामुळे कर्करोग होऊ शकतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच प्रसिद्ध केले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. करवत ढकलणे महिन्याभरात येते. फर्मा बनविण्यासाठी रेषा, कोन, अपूर्णांक आणि दशांश लागतात. तयार फर्म्यावर काम करणारा मजुरी घेतो. फर्मा बनविणारा कामाचा अंदाज देतो, माल वाचवतो आणि चार माणसांना काम लावतो. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलाच्या हाती बहुधा पहिली जागा येते. म्हणजे शाळा आणि कसब हे दोन वेगळे रस्ते नाहीत. जी भूमिती वहीत कंटाळवाणी वाटते, तीच दुकानात भाकरी देते.

आपल्या धर्मपरंपरेतही कसबाला कमीपणा नाही. हजरत जकरिया हे सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत दाऊद यांना चिलखत बनविण्याची विद्या मिळाली, तेव्हा कड्यांचे माप नीट राखण्याची आज्ञाही झाली, हे कुरआनच्या सूरह सबामध्ये आहे. नुसते काम करा एवढेच सांगितलेले नाही, माप राखा असेही सांगितले आहे. याचा आपण विचार करावा.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाचा ओढा हत्याराकडे असेल, तर त्याला अडवू नका. पण किमान दहावीपर्यंतचे गणित त्याच्या पदरात पडू द्या. त्यानंतर आय.टी.आय. आहे, आणि १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारीही आहे. ज्या मुलांना आधीच कामावर जावे लागले आहे, त्यांच्यासाठी संस्थेने संध्याकाळी मापनाचा एक वर्ग चालविला, तर ते मोठे पुण्याचे काम होईल. आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनो, तुमच्या गल्लीतल्या दुकानात जाऊन एखादा फर्मा तपासून पाहा. शिकलेल्याने हाताला भुसा लावून घेतला, तर त्याची पदवी कमी होत नाही.