अफूचे व्यसन आणि बोलण्याचा उपचार

अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन शहराजवळ, 1935 मध्ये तेथील सरकारने एक विलक्षण संस्था उघडली. ती निम्मी रुग्णालय होती व निम्मी तुरुंग. सुमारे हजार एकर जमीन, गाईंचे गोठे, शिवणकामाच्या शाळा. आणि शिक्षा झालेले कैदी व आपण होऊन आलेले रोगी यांचा एकत्र निवास. मॉर्फीन, हेरॉइन इत्यादि अफूच्या पदार्थांचे व्यसन सोडवावयाचे तर माणसास शहरापासून दूर न्यावे, कष्टाला लावावे आणि मानसचिकित्सकाने त्याच्याशी बोलून त्याचे मन ताळ्यावर आणावे, असा त्यामागील विचार होता. विचार चांगलाच होता. परंतु तेथून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे 1,900 लोकांचा जो मागोवा 1962 साली प्रसिद्ध झाला, त्यात शेकडा नव्वदांहून अधिक जण पुन्हा व्यसनात सापडल्याचे दिसून आले.

याच संस्थेत 1945 मध्ये मेरी निसवँडर नावाची एक तरुण डॉक्टर काम करून गेली होती. पुढे न्यूयॉर्कमध्ये ती मानसचिकित्सक झाली आणि इतर डॉक्टर ज्यांना दारात उभे करीत नसत अशा व्यसनी माणसांना तिने आपले रोगी मानले. 1956 मध्ये तिने या विषयावर पुस्तकही लिहिले. संभाषणावर तिचा भरवसा होता. पण वर्षानुवर्षे बोलूनही हाती फारसे लागत नाही, हे तिने प्रामाणिकपणे मान्य केले. ही कबुली लहान नव्हे. 1964 मध्ये ती रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्या कार्यात सामील झाली. त्या दोघांनी रोग्यांना मेथाडोन हे औषध रोज एकदा तोंडावाटे देण्यास आरंभ केला. मॉर्फीनवर असताना जे पुढच्या मात्रेखेरीज दुसरे काहीच बोलत नसत, त्यांतील एक जण चित्रे काढू लागला, दुसरा शिक्षणाची भाषा करू लागला. पहिल्या 22 रोग्यांचा वृत्तांत 1965 मध्ये छापून आला.

याचे कारण समजण्यासारखे आहे. अफूची सवय जडलेल्या शरीराला ती मिळाली नाही की हाडे दुखतात, उलट्या होतात, झोप उडते. अशा माणसास समजावीत बसणे म्हणजे उपाशी मुलाकडून पाढे म्हणवून घेणे होय. औषधाने शरीर शांत झाले म्हणजे मग तो ऐकू शकतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोलू शकतो.

मग बोलणे निरर्थक ठरले काय? नाही. फिलाडेल्फियात मेथाडोन घेणाऱ्या 110 रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना खिन्नतेसारखे मानसिक विकार तीव्र होते त्यांना नेहमीच्या सल्ल्याहून रीतसर मानसोपचाराचा अधिक लाभ झाला. ज्यांचे मन तितके पीडित नव्हते त्यांना साधा सल्लाही पुरला. उलट 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 653 रोग्यांच्या अभ्यासात ब्युप्रेनॉर्फीन हे औषध देणाऱ्या डॉक्टरच्या नियमित भेटींत अधिक सल्ल्याची भर घालून फरक पडला नाही. आणि औषध बंद केल्यावर दहांत एकही धड टिकला नाही. तेव्हा जो बोलावयास येत नाही त्याचे औषध अडवून धरणे हे शहाणपणाचे नव्हे.

आपल्याकडे पुण्यात ‘गर्द’ पसरला तेव्हा डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केले. तेथे रोग्यांशी तर बोलणे झालेच, पण त्यांच्या पत्नींच्याही सभा भरल्या. घरच्यांना या व्यसनातील एक धोका नीट कळावयास हवा. काही आठवडे अफूपासून दूर राहिलेल्या शरीराची ती पचविण्याची शक्ती ओसरते. मुलगा घरी येतो, त्याचे अंग भरते, आई म्हणते, आता गोळ्या कशाला? आणि एके दिवशी तो पूर्वीचीच मात्रा घेतो. तिने श्वास थांबतो. भारतात जिभेखाली ठेवावयाची ब्युप्रेनॉर्फीनची गोळी वैद्यकीय देखरेखीखाली मिळते. ती घेणे म्हणजे व्यसन चालू ठेवणे, हा समज अनेक घरांना महाग पडला आहे.

बोलण्याचा उपचार म्हणजे प्रवचन नव्हे, की धर्मगुरूपुढचे पापनिवेदनही नव्हे. पगार झाला की कोणत्या रस्त्याने घरी जातोस? त्या रस्त्यावर कोण भेटते? रात्री झोप येत नाही तेव्हा काय करतोस? असले साधे प्रश्न तेथे विचारले जातात. उत्तर खोटे असले तरी समुपदेशक रागावत नाही. पुढच्या आठवड्याची वेळ चिठ्ठीवर लिहून देतो. मध्यंतरी घसरण झाली तरी त्याच वेळी यावयाचे, एवढे मात्र तो त्या माणसाकडून कबूल करून घेतो.